सहा सायकली आधीच झाल्यात, ही सातवी

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत माझ्यावर आणि माझ्या बाराशे किलोमीटरच्या सायकल राइडवर अर्धं पान आलं त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. दोन दिवस घरातला फोन थांबला नाही, ज्या मावशीशी सहा वर्षं बोलणं बंद होतं तिचा पण आला. मुलाखत घ्यायला आलेला मुलगा मनमिळाऊ होता, दोन तास बसला, शांतपणे सगळं लिहून घेतलं, त्यामुळे हे पत्र तक्रार म्हणून वाचू नका. म्हणजे थोडीशी तक्रार आहेच, पण भांडण नाहीये.

झालं असं की त्याने विचारलं, या राइडमागची प्रेरणा काय, आणि मी पाऊण तास बोललो. छापून आलं "कॅन्सरला हरवलं, आता रस्त्यालाही हरवणार". हे मी बोललेलोच नाही. रस्त्याला कोण कशाला हरवेल, तो बिचारा आपला पडलेला असतो, हरतात ते आपले गुडघे. पण जाऊ दे, हेडलाइन अशीच असते हे मला पण कळतं. खटकलं ते वेगळंच. पैसे नेमके कशासाठी गोळा करतोय ती ओळ कापली गेली, तिच्या जागी "कॅन्सरग्रस्तांच्या मदतीसाठी" एवढंच आलं. आणि बाकीचा पाऊण तास मी त्या एका ओळीपर्यंत यायलाच बोलत होतो! म्हणून म्हटलं स्वतःच लिहावं. पत्र लांबलंय, कात्री लावायची झालीच तर माझ्या कौतुकाला लावा.

मला एकविसाव्या वर्षी हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर झाला, आता सव्वीस पूर्ण. मानेत डाव्या बाजूला गाठ आली, दुखत नव्हती म्हणून तीन महिने कोणी मनावर घेतलं नाही, मी तर नाहीच नाही. रात्री घाम एवढा की टी-शर्ट पिळून वाळत घालावा, अंगाला खाज, संध्याकाळी कणकण, वजन उतरत चाललेलं आणि मित्र म्हणतायत भारी फिट दिसतोस रे. मग बायोप्सी आणि मग ते नाव. तरुण पोरांना होणाऱ्या कॅन्सरमधला हा त्यातल्या त्यात "चांगला" कॅन्सर असं प्रत्येक डॉक्टर सांगतो. ऐकताना डोक्यात जातं, पण ते खरंय, वेळेत आणि पूर्ण उपचार झाले तर बहुतेक जण बरे होतात. पूर्ण हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ट्रीटमेंट म्हणजे केमो, तिचं नाव एबीव्हीडी. चार औषधांची पहिली अक्षरं. १९७० च्या दशकात इटलीत मिलानच्या डॉक्टरांनी हे कॉम्बिनेशन काढलं आणि अजून चालतंय. ए म्हणजे एड्रियामायसिन, लालभडक, त्यानंतर लघवी पण लाल होते हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं त्यामुळे बाथरूममधून मी ओरडलोच होतो. बी म्हणजे ब्लिओमायसिन, हे फुप्फुसांना त्रास देऊ शकतं. व्ही म्हणजे व्हिनब्लास्टिन, याने बोटांची टोकं बधिर होतात. आणि डी म्हणजे डकार्बाझिन, त्याला उजेड चालत नाही म्हणून काळ्या पिशवीने झाकून लावतात, आणि ते आत जाताना मनगटापासून कोपरापर्यंत शीर जळत जाते. दर पंधरा दिवसांनी एक डोस, दोन डोसची एक सायकल, अशा सहा सायकल. डॉक्टर, सिस्टर, पेशंट, सगळे सायकलच म्हणतात. पहिल्या दिवशी सिस्टरने विचारलं, "कितवी सायकल?" मी म्हटलं, "पहिलीच, गिअरची आहे का साधी?" कोणी हसलं नाही. फक्त बाजूच्या खुर्चीवरचा पोरगा हसला.

त्याचं नाव लिहीत नाही. सतरा वर्षांचा होता. आजार तोच, औषध तेच, डोसची तारीख पण एकच, त्यामुळे सात वेळा आम्ही शेजारी शेजारी बसलो. सायकलचं त्याला प्रचंड वेड, आणि स्वतःकडे मात्र नव्हती. गिअर कसा काम करतो हे मला त्याने सलाइनच्या नळीवरून शिकवलं. नळीवर ते थेंब कमीजास्त करायचं छोटं चाक असतं ना, ते मोकळ्या हाताने धरून म्हणायचा, "दादा, हा तुझा शिफ्टर, इकडे सरकवला की हेवी, चढ आला की आधी हलका करायचा, चढावर पोचल्यावर नाही, चढ दिसला की." एकदा शिकवण्याच्या नादात खरंच सरकवला आणि सिस्टर जी काय ओरडलीये त्याला. चढाबद्दल सांगितलेलं मात्र शंभर टक्के बरोबर होतं, ते मला चार वर्षांनी पहिला मोठा चढ लागला तेव्हा कळलं.

तो वडिलांबरोबर रात्रभर प्रवास करून यायचा. आल्या आल्या रक्त द्यायचं, पांढऱ्या पेशींचा काउंट बरा आला तर डोस, नाहीतर "परवा या". आता हे "परवा या" बघा. माझं घर हॉस्पिटलपासून चाळीस मिनिटांवर, मला परवा या म्हटलं की मी मनातून खूश, दोन दिवस सुट्टी. त्यांच्यासाठी परवा या म्हणजे दोन रात्री कुठे काढायच्या, वडिलांचे दोन रोज बुडाले ते कुठून भरायचे, आणि शरीरात पेशी नसलेल्या पोराला कुठल्या गर्दीत झोपवायचं. औषधाला त्यांना एक पैसा पडत नव्हता, सगळं फुकट मंजूर झालेलं, कागद माझ्या देखत भरले होते. औषध कधीच अडलं नाही. अडायचं ते औषधापर्यंत येणं.

आठव्या डोसला तो आला नाही. सिस्टरने दोनदा नाव पुकारलं आणि फाइल गठ्ठ्याच्या खाली सरकवली. मला वाटलं काउंट कमी आला असेल. नवव्याला पण खुर्ची रिकामी, म्हणजे रिकामी नाही, तिथे दुसरे एक काका. मी विचारलं तेव्हा कळलं की हॉस्पिटलमधून फोन गेले होते, वडील म्हणाले, गाठ गेलीये आता, पोरगा बरा दिसतोय, थोडे जमले की घेऊन येतो. आणि गाठ खरंच गेली होती हो, माझी पण चौथ्या डोसनंतर हाताला लागत नव्हती. फसगत होते ती इथेच. गाठ दिसत नाही म्हणजे आजार संपला असं नसतं, उरलेले डोस त्या न दिसणाऱ्यासाठीच असतात, पण ज्याच्या खिशात पुढच्या तिकिटाचे पैसे नाहीत त्याला हे पटवायचं कसं? डोळ्याला दिसणारा बरा पोरगा एकीकडे आणि न दिसणाऱ्या पेशी एकीकडे.

त्यांचे पैसे जमेपर्यंत चार महिने गेले. माझे बारा डोस झाले, स्कॅन क्लीन आला, मी फॉलोअपला गेलो तर तो कॉरिडॉरमध्ये बाकावर. मान सुजलेली. मला बघून पहिलं काय विचारलं असेल तर, "दादा, गिअरची घेतली का?"

पुढचं लिहीत नाही.

आता मला सांगा, "कॅन्सरला हरवलं" असं माझ्याबद्दल लिहिलं की त्याच्याबद्दल काय लिहायचं? तो हरला? आमच्या दोघांच्या लढण्यात (हा पण शब्द मला आवडत नाही, खुर्चीत बसून सलाइन घेण्यात कसली लढाई) फरक एवढाच होता की माझ्या घरून हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर होतं. माझ्यात जिद्द जास्त होती असं अजिबात नाही, पाचव्या डोसला मी आईला सांगितलं होतं बस झालं, मी येत नाही, तर तिने रिक्षात कोंबून नेलं. त्याला कोंबायला रिक्षा पुरत नव्हती.

हे फक्त त्याच्यापुरतं असतं तर मी वाईट वाटून घेऊन गप्प बसलो असतो. नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की याला डॉक्टरांच्या भाषेत रीतसर नावच आहे, ट्रीटमेंट अबॅन्डनमेंट, उपचार अर्धवट सोडणं, आणि लहान मुलांच्या कॅन्सरवाल्या डॉक्टरांनी त्याची व्याख्या पण ठरवलीये, ठरलेले उपचार सलग चार आठवडे किंवा जास्त चुकले की ते "सोडले" धरायचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दरवर्षी साधारण ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि गरीब देशांत बऱ्याच ठिकाणी ३० टक्के पण होत नाहीत. निदान उशिरा होणं, उपचार न मिळणं ही कारणं आहेतच, पण त्याच यादीत उपचार मधेच सोडणं हे पण कारण म्हणून लिहिलेलं आहे. मी ते वाचून बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. मला इतके दिवस वाटत होतं की हा एका बापाच्या खिशाचा प्रश्न आहे.

तर ती कापलेली ओळ अशी होती: या राइडमधून येणारे पैसे औषधासाठी नाहीत, ते पेशंट आणि त्याच्यासोबतच्या एका माणसाच्या तिकिटासाठी आणि हॉस्पिटलजवळ राहायच्या खोलीसाठी आहेत, शेवटचा डोस होईपर्यंत. बस एवढंच. ऐकायला अगदीच साधं, फोटो काढण्यासारखं काही नाही त्यात, म्हणूनच कापलं गेलं असणार.

प्रेरणेचं म्हणाल तर मुलाखत घेणाऱ्याला मी टेरी फॉक्सचं पण सांगितलं होतं. कॅनडाचा पोरगा, १८ व्या वर्षी १९७७ मध्ये हाडाच्या कॅन्सरने उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १९८० च्या एप्रिलमध्ये कृत्रिम पाय लावून देश आडवा पळत पार करायला निघाला, रोज जवळपास एक मॅरेथॉन, १४३ दिवस, ५३७३ किलोमीटर. पण मला त्याच्या पळण्यापेक्षा त्याचं पत्र जास्त लागलं. निघायच्या आधी १९७९ मध्ये त्याने कॅन्सर सोसायटीला मदत मागायला पत्र लिहिलं होतं, त्यात सांगितलंय की मी तर सुटलो, पण वॉर्डात जे चेहरे बघितले ते तसेच मागे सोडून मला जाता येणार नाही. मी शेवटपर्यंत पोचेन असं त्याला वाटत असणारच, पण थंडर बेजवळ थांबावं लागलं, आजार फुप्फुसात गेला होता, आणि जून १९८१ मध्ये तो गेला. २२ वर्षांचा होता. आपल्या हेडलाइनच्या हिशोबाने तो कॅन्सरकडूनही हरला आणि रस्त्याकडूनही. आणि त्याने प्रत्येक कॅनडियन माणसामागे एक डॉलर मागितला होता तो त्याच्या हयातीतच जमला, दोन कोटी चाळीस लाखांच्या वर.

सायकलवाले पण आहेत. टेक्सासच्या युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी २००४ पासून उन्हाळ्यात ऑस्टिनपासून अलास्कातल्या अँकरेजपर्यंत सायकलने जातात, ४००० मैलांच्या वर, कॅन्सरसाठी पैसे गोळा करत. ते सुरू करणाऱ्यांपैकी एकाला लहानपणी हॉजकिन्सच झाला होता. हे कळल्यावर मला उगीचच तो गाववाला वाटला.

लोक मात्र मला भेटले की दोनच नावं काढतात, युवराज आणि लान्स. युवराज ठीकच आहे, २०११ चा वर्ल्डकप खेळला आणि पुढच्या वर्षी केमो घेऊन परत मैदानात उतरला, त्याच्यापुढे माझी शंभर किलोमीटरची काय कथा. लान्स आर्मस्ट्राँग म्हणजे कॅन्सरमधून उठलेला अमेरिकेचा सायकल रेसर, त्याचं नाव काढणारा पुढच्याच वाक्यात डोपिंग काढतो, ते पण बरोबर आहे, २०१२ मध्ये टूर द फ्रान्स शर्यतीची त्याची सातच्या सात विजेतेपदं काढून घेतली, त्याची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण एक गोष्ट आमच्यासारख्यांना त्याच्यात बघण्यासारखी आहे. १९९६ मध्ये निदान झालं तेव्हा त्याच्या औषधांमध्ये पण ब्लिओमायसिन होतं, आणि फुप्फुसं खराब झाली तर सायकलिंग संपेल म्हणून ते काढून दुसरं कॉम्बिनेशन दिलं गेलं. मी काही रेसर नव्हतो, मला कोणी विचारलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. नशिबाने दोन सायकलनंतरचा स्कॅन चांगला आला म्हणून पुढच्या डोसमधून माझं पण ब्लिओमायसिन बंद केलं. डॉक्टरला घाबरून विचारत नसाल तर विचारा, एवढंच.

आता जरा माझ्या स्वार्थाचं. सगळं त्या पोरासाठी करतोय असं म्हटलं तर खोटं होईल. केमो संपल्यावर माझं शरीर माझं वाटतच नव्हतं. सहा महिने ते दुसऱ्यांनी टोचायचं, मोजायचं, स्कॅन करायचं सामान होतं, आणि थकवा असा की झोपून उठलं तरी तसाच, झोपेने जाणारा थकवा तो नव्हेच. शिवाय गंमत बघा, ट्रीटमेंट चालू असताना घर भरलेलं, आणि संपल्यावर सगळे म्हणाले आता बरा झाला आणि आपापल्या कामाला लागले. मलाच कळेना की आता पंधरा दिवसांनी कुठे जायचं. तेव्हा भावाची जुनी सायकल काढली, पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि कठड्यावर बसून राहिलो, तो येऊन सायकल हातात धरून घेऊन गेला, मी मागून चालत. मग दोन किलोमीटर, पाच, दहा. पन्नासला पोचायला दीड वर्ष लागलं. मागच्या वर्षी २०० किलोमीटरची बीआरएम केली, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांची मुदत असते, मी सव्वातेरा तासांत आलो, आयोजक टेबल आवरत होते.

बोटं मात्र अजून पूर्ण आली नाहीत. लांब चालवलं की हँडलच्या दाबाने कोणाचेही हात बधिर होतात, त्यामुळे मला कधीच कळत नाही की हा बधिरपणा हँडलचा का व्हिनब्लास्टिनचा. खरी पंचाईत पंक्चरला होते. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा असतो, नाहीतर नवी ट्यूब पण फुटते. माझ्या बोटांना काटा लागतच नाही. दोनदा असा नव्या ट्यूबचा बळी दिल्यावर एका जुन्या मेकॅनिकने युक्ती सांगितली, कापसाचा बोळा घे आणि आतून फिरव, काटा असेल तिथे कापूस अडकतो. तेव्हापासून माझ्या सीटखालच्या पिशवीत टायर लिव्हर, पॅच आणि कापूस. हा तोच कापूस जो सुई काढल्यावर शिरेवर दाबून धरायला द्यायचे, "पाच मिनिटं सोडू नको" म्हणून.

राइडचा हिशोब बातमीत "बारा दिवसांत बाराशे किलोमीटर" एवढा बरोबर आलाय, पण बाराच का ते आलं नाही. बारा डोस म्हणून बारा दिवस. एका दिवसाला एक डोस, शंभर किलोमीटर. सातव्या दिवसापर्यंत मी आमच्या दोघांचे मोजणार आहे. आठव्या दिवसापासून पुढचे पाच त्याने न घेतलेले. आठव्या दिवशीच रूटवर सगळ्यात मोठा चढ आलाय, हे मी ठरवून केलेलं नाही, मॅपवर बघितलं तेव्हा मलाच कसंतरी झालं.

डॉक्टरांना विचारूनच करतोय, हे खास माझ्या मावशीसाठी लिहितोय कारण तिने फोनवर तासभर तेच विचारलं. एड्रियामायसिन हृदयाला त्रास देऊ शकतं म्हणून टू-डी इको झाला, फुप्फुसांची टेस्ट झाली, रक्त झालं. सोबत गाडी आहे, त्यात भाऊ आहे, आणि त्याला मी थांब म्हटलो नाही तरी मला थांबवायचा पूर्ण अधिकार दिलाय.

बातमीखाली एका वाचकाने लिहिलं होतं की सायकलचा तमाशा कशाला, जो खर्च करतोय तोच देऊन टाक ना. मला राग नाही आला, प्रश्न रास्त आहे. राइडचा खर्च मी माझ्या पगारातून करतोय, लोकांनी दिलेल्यातून सायकलच्या चेनला तेल पण लावत नाही. आणि तमाशाचं म्हणाल तर आहेच तमाशा. दोन वर्षं मी नुसतं तोंडाने सांगून बघितलं की तिकिटाचे पैसे नसतात म्हणून लोक मरतात, लोक म्हणायचे अरेरे आणि मोबाइल बघायचे. बाराशे किलोमीटर म्हटल्यावर तोच माणूस थांबतो आणि विचारतो, का रे? त्या "का रे" साठी सगळा खटाटोप आहे.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या अंकात जमलं तर ती एक ओळ छापा. तिकीट आणि खोली, शेवटच्या डोसपर्यंत. फोटो नको. तुमच्या ऑफिसमधून माझा टकलाचा फोटो मागितला होता, आधी-नंतर असं शेजारी शेजारी लावायला, तो मी मुद्दामच दिला नाही, राग मानू नका. माझ्याकडच्या त्या काळातल्या एकमेव बऱ्या फोटोत शेजारच्या खुर्चीवर तो पण आहे.

आपला नियमित वाचक,
सातव्या सायकलवाला

ता.क. बातमीच्या शेवटच्या ओळीत माझ्या सायकलचं वर्णन आलंय, निळी, गिअरची. त्यात काहीही दुरुस्ती नाही. घेतली.